फिल्टरवरचा ठिपका

बॉनेट उघडून आप्पा त्यात कमरेपर्यंत वाकले होते. बाहेर दिसत होती ती फक्त त्यांची पाठ, आणि मागच्या खिशातून लोंबणारा रुमाल. गाड्या न्यायला आलेली पाच-सहा माणसं आजूबाजूला उभी होती. त्यातल्या एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं आणि दोघं हसले. मी शोरूमचा निळा कोट घालून, हातात आमच्याच गाडीची किल्ली धरून तिथं उभी होते. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी तिचे उपकार मानले असते.

"आप्पा, लोक बघतायत," मी हळूच म्हटलं.

"बघू देत की. आपण काय चोरी करतोय?" आवाज इंजिनातून आला.

त्यांनी ऑइलची पट्टी बाहेर काढली, पांढऱ्या रुमालाला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग रुमालावरचा डाग उजेडाला धरून बघितला. नाकाशी नेऊन वास घेतला. दोन बोटांत ऑइल चोळलं. आमच्या शोरूममध्ये असलं कोणी करत नसे. लोक बिल द्यायचे, किल्ली घ्यायचे, हॉर्न वाजवून जायचे. पैसे मोजताना सुद्धा ते ऐटीत मोजायचे, कारण काचेच्या दारातून आत आलं की माणसाला आपण अडाणी दिसू नये असं वाटतं. आप्पांना तसलं काही वाटत नसे.

"ऑइल नवं आहे," त्यांनी निकाल दिला. मला हायसं वाटलं. मग त्यांनी खिशातून बारकी टॉर्च काढली आणि आणखी खाली वाकले. बराच वेळ तसेच राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. तो चेहरा मी घरी कधी बघितला नव्हता. पण मिरजेच्या बाजारातल्या अर्ध्या दुकानदारांनी तो नक्की बघितला असणार.

"गिरिजा," ते म्हणाले, "तुझ्या साहेबांना बोलव."

आप्पा म्हणजे माझे सासरे, शिवलिंग मगदूम. वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. साधं गिऱ्हाईक होऊन दुकानात शिरायचं, किलोभर साखर मागायची, पुडा हातात आला की मग ओळख सांगायची आणि खिशातून स्वतःचं वजन काढायचं, यात त्यांचा जन्म गेला. माणूस वाईट नव्हता. लाच कशाला म्हणतात ते त्यांना ऐकूनच माहीत. पण विश्वास ही चीज त्यांच्याकडं फार जपून मिळायची. आमची आत्ती, म्हणजे माझी सासू, म्हणायची, "लग्नात माझ्या माहेरच्यांनी चांदीचं ताट दिलं, ते यांनी मांडवातच उलटं करून शिक्का बघितला. तेव्हाच मी समजून गेले, कुणाच्या पदरात पडले ते."

माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. नवरा हुबळीला नोकरीला, शनिवारी यायचा. मी सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये, सर्व्हिसच्या काउंटरला. गाडी आली की गिऱ्हाइकाची तक्रार लिहून घ्यायची, काम झालं की गाडी त्याच्या ताब्यात द्यायची. आप्पांची गाडी त्याआधी एका ओळखीच्या गॅरेजला जायची. तिथं आप्पा स्टूल टाकून, मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहिल्यासारखे बसायचे आणि बोल्ट न् बोल्ट फिरताना बघायचे. मीच मागं लागले. म्हटलं, "आप्पा, घरची सून शोरूममध्ये असताना गाडी बाहेर का? आमच्याकडं काम चोख असतं. तुम्ही काचेच्या खोलीत कॉफी पीत बसा."

"काचेपलीकडून कसलं बघणं? टीव्हीच की तो," ते म्हणाले. पण माझ्या शब्दाखातर तयार झाले.

तयार झाले ते आपल्या पद्धतीनं. दसऱ्याच्या दिवशी सकाळी दारात गाडीची पूजा झाली. आत्तीनं गाडीला हार घातला, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. ती नारळ आणायला आत गेली तसं आप्पांनी बॉनेट उचललं, उदबत्तीची काडी ओल्या कुंकवात बुडवली आणि हात आत घालून कुठंतरी टेकवली.

"काय केलंत, आप्पा?"

"ऑइलच्या फिल्टरला ठिपका दिला. उद्या तुमच्याकडं फिल्टर बदलणार ना? बदलला तर ठिपका जाईल. नाही बदलला तर राहील." आणि माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "हे आपल्या दोघांत. खूण फुटली की तपासणी मेली. शोरूममध्ये कुणाला अवाक्षर बोलायचं नाही."

मी हसले. मला त्यात गंमत वाटली, आणि थोडा अभिमानही. उद्या ठिपका जाणार आणि आप्पा म्हणणार, गिरिजाची माणसं सच्ची. त्या घरात अजून मी पाहुणीच होते. आप्पांनी एकदा असं म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

तर आता शिंत्रेसाहेब आले. आमचे मॅनेजर. आप्पांनी त्यांना बाजूला घेतलं, गाडीपाशी नेलं, टॉर्च हातात दिली आणि त्यांच्या कानात सगळं सांगितलं. साहेब वाकले. मीही वाकले. इंजिनाच्या कडेला, खाली, पांढऱ्या फिल्टरच्या अंगावर ठळक लाल ठिपका होता.

ठिपका काडीच्या टोकापेक्षा मोठा दिसत होता, आणि ते आप्पांच्याही ध्यानात आलं होतं. तेच म्हणाले, "उष्णतेनं पसरलाय थोडा." शिंत्रेसाहेबांनी मान डोलावली. कोणी हटकलं नाही. आरोप पक्का झाल्यावर बारीकसारीक शंका कोण काढतं? मला तर शंका सुचायला जागाच नव्हती. मी शब्द दिला होता आणि माझ्या माणसांनी माझं नाक कापलं होतं. सकाळपासून आप्पांची लाज वाटत होती. आता आप्पांपुढं शोरूमची लाज वाटायला लागली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती.

"गाडी कुणी केली?" साहेबांनी मला विचारलं.

"परशामामांनी."

साहेबांनी खात्रीसाठी पुन्हा टॉर्च मारून बघितलं. कारण परशुराम लोहार हा आमच्या वर्कशॉपमधला सगळ्यात जुना माणूस. सगळे त्याला मामा म्हणायचे. आणि दोनच दिवसांपूर्वी, खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा झाली तेव्हा, शिंत्रेसाहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की दिवाळीपासून परशामामा सुपरवायझर. मामांनी तेव्हा टोपी काढून डोकं खाजवलं होतं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बढतीचं पत्र मुख्य कार्यालयाकडं जायचं तेवढं राहिलं होतं.

मामा हात पुसत पुसत आले. त्यांच्या टूल-ट्रॉलीवर नवमीचा झेंडू अजून होता, सुकायला लागलेला.

"परशा, या गाडीचा फिल्टर बदललास?"

"बदललाय की, साहेब."

"नक्की?"

मामांना प्रश्नाचा रोख कळेना. त्यांनी आप्पांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी मगदुमांची सून हे त्यांना माहीत होतं. ते हसले सुद्धा. "ताईंच्या घरची गाडी. मी सोताच घेतली हातात, पोरांना हात लावू दिला नाही."

"खोटं बोलतोयस," आप्पा म्हणाले.

आवाज चढवला नाही त्यांनी. पण आजूबाजूच्या माणसांनी ते ऐकलं. मघाशी हसणारे दोघं आता जवळ सरकले.

"का खोटं बोलू, साहेब?"

"ते तुझं तुला ठाऊक. जुनाच फिल्टर ठेवलास आणि नव्याचा हिशेब लावलास. माझ्याकडं पुरावा आहे."

"कसला पुरावा? दाखवा की मला."

"खूण आहे माझी. ती मी सांगणार नाही. सांगितली की तू पळवाट काढशील. उभ्या आयुष्यात हेच बघितलंय मी."

मामांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "थांबा," म्हणाले, आणि मागं गेले. जुने फिल्टर टाकायचा एक पत्र्याचा ड्रम होता. त्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक फिल्टर काढून आणला. काळं ऑइल त्यातून टपटप फरशीवर गळत होतं. "ह्यो बघा तुमचा जुना. सकाळी मीच टाकलाय, वरच होता."

"त्यातला कुठलाही उचलून आणशील," आप्पा म्हणाले. त्यांनी तो हातात धरला सुद्धा नाही. कोणी पुसूनही बघितला नाही.

मग मामा माझ्याकडं वळले. त्यांचे दोन्ही हात काळे, फिल्टर तसाच धरलेला. "ताई, तुम्ही तरी सांगा. साहेबांनी काय बघितलंय? काय ते कळलं तर मी बोलू शकतो. असं आंधळ्यासारखं काय बोलू मी?"

मला माहीत होतं. एक वाक्य होतं ते. फिल्टरवर कुंकवाचा ठिपका आहे, मामा. एवढंच. पण आप्पांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर आप्पांच्या बघण्याचा धाक नव्हता मला. मला मामांचा राग आला होता. तुमच्यापायी माझं तोंड काळं झालं, आणि आता माझ्याकडंच काय मागता, असं मनात आलं होतं. मी फरशीवरचं ऑइल बघत राहिले.

मामांनी थोडी वाट बघितली. मग फिल्टर ड्रममध्ये नेऊन टाकला.

दुसऱ्या मेकॅनिकनं आप्पांच्या डोळ्यांसमोर खोकं फोडून नवा फिल्टर चढवला. काढलेला आप्पांनी पुरावा म्हणून मागून घेतला, कागदात गुंडाळला. शिंत्रेसाहेबांनी सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत हात जोडले. आणि मामांना म्हणाले, "तू घरी जा आता. काय ते कळवतो."

मामांनी ट्रॉलीवर फडकं टाकलं. त्यावरचा झेंडू उचलून खिशात घातला आणि मागच्या दारानं गेले. जेवणाचा डबा तिथंच राहिला. संध्याकाळी निघताना मला तो दिसला, पण मी त्यालाही हात लावला नाही.

घरी आले तर सोप्यात बैठक रंगलेली. शेजारचे चौगुलेकाका आलेले, आणि मधल्या टीपॉयवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर तो फिल्टर मांडलेला. आप्पा गोष्ट सांगत होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, इतक्या दिवसांनी त्यांना कोणीतरी सापडलं होतं. आवाजात तरतरी आलेली.

"हिनं सांगितलं चोख काम असतं. मी म्हटलं, असेल. पण तराजू दिसायला चोखच असतो."

"बिचारीला काय माहीत," चौगुलेकाका माझी बाजू घेत म्हणाले. मी चपला काढून आत जायला लागले. त्या घरात माझा शब्द किती वजनाचा, ते आज टीपॉयवर मांडून ठेवलं होतं.

आत्ती चहा घेऊन आली. तिनं ट्रे ठेवायला फिल्टर बाजूला सरकवला आणि तशीच वाकून राहिली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही याला हळद पण लावली होतीत?"

"हळद कशाला? कुंकू लावलं काडीनं."

"मग ही कुणी लावली? बघा की, खाली हळद आहे, वर कुंकू. आणि हा बोटाचा ठसा आहे, काडीचा कुठला?" मग चहाचा कप आप्पांपुढं ठेवत सहज म्हणाली, "बायकामाणसाचा हात आहे हा. पुरुष कशाला आधी हळद लावतोय."

मी दारातूनच परत आले. वाकून बघितलं. लाल ठिपक्याच्या कडेनं बारीक पिवळी किनार होती.

आणि मला सगळं आठवलं.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये पूजा झाली तेव्हा शिंत्रेसाहेब म्हणाले होते, यंदा आपल्याकडं नवी सून आहे, हळदकुंकू तिच्या हातानं. माझा केवढा मान झाला होता. हातात ताट घेऊन मी सगळीकडं फिरले. पान्ह्यांना, जॅकला, कॉम्प्रेसरला, गाड्या उचलायच्या लिफ्टला, आधी हळद, मग कुंकू. लावून लावून बोट झिणझिणलं. परशामामांच्या ट्रॉलीपाशी आले तर त्यांनी हत्यारांच्या मधोमध एक नवा फिल्टर ठेवला होता. त्यांची रीतच होती ती. दसऱ्यानंतर जी पहिली गाडी हातात घ्यायची, तिचा माल नवमीच्या पूजेत ठेवायचा, म्हणजे वर्षभर हाताला यश. फिल्टर खोक्यात होता. मी खोक्यावर बोट टेकवणार, तेवढ्यात मामांनी खोकं उघडून फिल्टर बाहेर काढला आणि तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरला.

"खोक्यावर काय लावताय, ताई? खोकं जातंय कचऱ्यात. जिनसेला लावा. तुमच्याच गाडीला बसवणार आहे हा. घरचीच गाडी पयली."

मी लावलं होतं. आणि मामांनी ते पुसलं नव्हतं, कारण देवाचं कुंकू कोण पुसतं? फिरवून फिरवून घट्ट बसवताना नेमका तोच ठिपका वर येऊन थांबला होता.

"आप्पा," मी म्हटलं, "हे कुंकू माझं आहे."

मी सगळं सांगितलं. चौगुलेकाकांनी चहा अर्धा ठेवला आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून उठून गेले. आप्पांनी चष्मा लावला. काडेपेटीतली काडी काढून ठिपक्याची कड खरवडली. कागदावर पिवळी भुकटी पडली. ते तिच्याकडं बघत बसले. आत्तीला त्यांची कीव आली असावी, कारण तिनं त्यांचा गार झालेला कप उचलून नेला आणि दुसरा करून आणला.

"त्यानं जुना फिल्टर ड्रममधून काढून आणला होता," आप्पा म्हणाले. "माझा ठिपका होता त्याच्यावर. पुसून बघितलं असतं तर... ऑइलमध्ये गेला असेल म्हणा. पण मी बघितलंच नाही." मग म्हणाले, "शंभर दुकानं तपासली असतील. वजन कमी भरलं तरी दुकानदाराला आधी दाखवायचो, बघ बाबा, एवढं कमी आहे, बोल आता. आज तेवढं पण दाखवलं नाही मी."

त्यांनी दाखवलं नव्हतं हे खरं. पण मामांनी ते मला विचारलं होतं, त्यांना नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्याबरोबर शोरूमला आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, ऑफिसला निघाल्यासारखे. शिंत्रेसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवायचा फार प्रयत्न केला. आप्पा बसले नाहीत. "त्यांना बोलवा," म्हणाले. "बाकीच्यांना पण. जिथं बोललो तिथंच बोलणार मी."

मामांच्या शेजाऱ्यांकडं फोन केला. तासाभरानं मामा आले, धुतलेला पायजमा-शर्ट घालून. त्यांना अंगावरच्या खाकी कपड्यांशिवाय मी पहिल्यांदाच बघत होते. ते खूप म्हातारे दिसत होते.

आप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं. काडी, ठिपका, हळद, सगळं. एकही गोष्ट गाळली नाही. माझं नावही गाळलं नाही, हे कुंकू आमच्या सुनेनंच लावलेलं होतं म्हणाले. मग हात जोडले. "मी तुम्हाला चोर म्हणालो. तुम्ही चोर नाही. चूक माझी आहे."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मामांनी आप्पांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"जाऊ द्या, साहेब. तुमची नोकरीच तपासायची. तुम्ही परकं माणूस, तुम्हाला काय माहीत आमची रीत."

तुम्ही परकं माणूस. ते एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी, बघायची गरजही नव्हती. मी परकी नव्हते. रीत मला माहीत होती, खूण मला माहीत होती, आणि ते कुंकू माझ्या बोटाचं होतं. तिन्ही गोष्टी माहीत असलेलं त्या आवारात एकच माणूस होतं, आणि त्यालाच मामांनी विचारलं होतं. त्या वेळी माझी मान खाली होती.

आप्पा गेल्यावर मी ट्रॉलीपाशी गेले. मामा कपडे बदलून आले होते. डब्यातलं कालचं कालवण त्यांनी नळाखाली ओतलं आणि डबा धुवायला लागले.

"मामा, काल मला..."

"ताई, बाहेर गाडी आलीय," ते म्हणाले. "गिऱ्हाईक थांबलंय, लिहून घ्या जावा."

मी गेले, लिहून घेतलं.

सुपरवायझरचं काही झालं नाही. शिंत्रेसाहेबांनी आदल्या दुपारीच मुख्य कार्यालयाला दुसरं नाव कळवून टाकलं होतं. उगाच भानगड नको म्हणून. आता बदलणं बरं दिसत नाही म्हणाले, पुढच्या खेपेला बघू. आप्पा त्यासाठी तीनदा केबिनमध्ये जाऊन बसले. पुढची खेप मामांच्या वाट्याला आली नाही. निवृत्त होईपर्यंत ते त्याच ट्रॉलीवर होते, आणि माझ्याशी कधी एक शब्द वाकडा बोलले नाहीत. वाकडा बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

आप्पा मरेपर्यंत गाडी आमच्याकडंच आणायचे. परशुरामच करू दे म्हणायचे. काचेच्या खोलीत कॉफी घेऊन बसायचे, पण खुर्ची फिरवून, वर्कशॉपकडं पाठ करून. नवीन पोरं हसायची. म्हातारा भिंतीकडं तोंड करून काय बघतोय म्हणायची.

पण मला जे सांगायचंय ते पुढच्या खंडेनवमीचं. शिंत्रेसाहेबांनी पुन्हा ताट माझ्याच हातात दिलं. मी नको म्हटलं तर त्यांना वाटलं लाजतेय. ताट घेऊन मी पान्ह्यांना लावलं, जॅकला लावलं, कॉम्प्रेसरला लावलं. परशामामांच्या ट्रॉलीकडं जायचं मी शेवटपर्यंत टाळत होते. मग पोरंच म्हणाली, ताई, मामांचं राहिलं.

हत्यारं पुसून लख्ख मांडली होती. मधोमध नेहमीसारखा नवा फिल्टर होता, दसऱ्यानंतरच्या पहिल्या गाडीचा. मी जवळ गेले, हळदीत बोट बुडवलं आणि थांबले. मला वाटलं, मामा खोकं उघडतील. मला तसं खरंच वाटलं. ते उघडतील आणि तळहातावर धरतील, आणि मग मी त्यांना म्हणेन, जे काय म्हणायचं होतं ते.

मामांनी खोकं नीट सरळ केलं. वरची झडप अंगठ्यानं दाबून बंद केली.

"खोक्यावरच लावा, ताई," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी खोक्यावर लावलं. आधी हळद, मग कुंकू.